तोंडभर तेल

...नाही, मग काय करणार, घालायचं ना नाकात तेल, वैद्यबाईंनी सांगितलंय म्हटल्यावर! बसा हो, बसा, मी सरकतो जरा. माझा सातवा नंबर, तुमचा? तिसरा? मग आहे अजून वेळ. तुम्हाला म्हणून सांगतो, मुळात मी कमी बोलणारा माणूस. पण या दिनचर्येनं चार महिन्यांत माझे जे हाल केलेत ना, ते कुणाला सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. आणि अन्न पचावं म्हणूनच तर मी इथे आलो होतो!

झालं काय, माझा घसा बसायचा. आमचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर आपलं, वाचा, आता खालची ओळ वाचा, डावा डोळा झाका, ताई तुम्ही गोल फ्रेम नका घेऊ, माझ्या मावसबहिणीचा चेहरा डिट्टो असाच, तिचं काय झालं माहितीये का... एवढंच. म्हणजे बोलणं असं काही नाहीच त्यात. तरी संध्याकाळी घसा बसायचा, छातीत जळजळायचं, झोप उडायची. बायको म्हणाली, वैद्यबाईंकडे जा. लगेच म्हणाली हं, माझं दुखणं पुरतं सांगूनसुद्धा झालं नव्हतं.

तर बाईंनी नाडी धरली. धरली ती सोडेचनात. मी आपला सांगतोय, लहानपणी कावीळ झाली होती तिथपासून... शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं थांबलात, तर नाडी बघता येईल." आता मला सांगा, पेशंटनं बोलायचं नाही तर काय नाडीनं बोलायचं?

आणि मग दिला कागद. उजाडायच्या आत उठा. कोमट पाणी प्या. नाकात दोन थेंब तेल. सगळ्या अंगाला तेल चोळा, मग अंघोळ. भूक लागली तरच जेवा, पोटात जागा ठेवून जेवा, जेवताना बोलू नका, जेवल्यावर शंभर पावलं चाला. हे सगळं कशासाठी, तर आजार होऊ नये म्हणून! मी म्हटलं, बाई, आजारात निदान झोपून तरी राहता येतं.

पहिल्याच दिवशी अंगाला तेल चोळून दुकानात गेलो. घाईत हात काही नीट धुतले नव्हते. एका काकूंचा तयार झालेला चष्मा द्यायला घेतला, तो सुळकन निसटला तो थेट त्यांच्याच पिशवीत. हसत हसत काढला, त्यांच्या डोळ्यांवर चढवला. काकू म्हणाल्या, सगळं धूसर दिसतंय. मी पुन्हा तपासलं, नंबर बरोबर. आता बावीस वर्षांचा अनुभव आहे हो माझा! मी त्यांना खुर्चीत बसवून मोतीबिंदू म्हणजे काय ते अर्धा तास समजावून सांगितलं, धीर दिला, डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांनी चष्मा रुमालानं पुसला आणि काकूंना परत पाठवलं. काचेवर माझा अंगठा उमटला होता, सही केल्यासारखा.

पण खरी शिक्षा पुढेच. गंडूष. माहितीये? तोंडात तेल भरायचं, काठोकाठ, गाल टम्म. गिळायचं नाही, खुळखुळवायचं नाही, नुसतं धरून बसायचं. किती वेळ? तर घड्याळ बघायचं नाही. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं की थुंकायचं. आमचे शेजारीही करतात, त्यांना येतं चार-पाच मिनिटांत. मला येईचना! दहा मिनिटं, पंधरा मिनिटं... मी खुर्चीत बसलेलो, बेसिनच्या शेजारी, गाल फुगवून, आणि सांगण्यासारखं सगळं नेमकं तेव्हाच सुचतंय. बायको समोर बसून शांतपणे चहा प्यायची. म्हणायची, किती छान सकाळ आहे. मुळात मी कमी बोलणारा माणूस, म्हणून निभावलं. दुसरा कुणी असता तर फुटला असता.

आता तुम्हाला दादाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा थोरला भाऊ. दुकान आमचं दोघांचं. मी पुढे काउंटरला, दादा मागच्या खोलीत काचा घासायला. दादाच्या हाताची काच म्हणजे फ्रेममध्ये अशी बसायची की बास. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो बाहेर आला, ॲप्रन हातात. म्हणाला, जरा बोलायचंय. मी म्हटलं, बोल ना, आणि तेवढ्यात मला आठवलं की नवा आरसा कुठे लावायचा ते त्याला विचारायचं होतं. मग आरशावरून उजेडाचं निघालं, उजेडावरून समोरच्या झाडाचं... मान वर करून बघतो तर ॲप्रन काउंटरवर आणि दादा रस्त्याच्या पलीकडे.

परत आला नाही. फोन नाही, काही नाही. मीही केला नाही. का करू? मी काय केलं होतं? गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलो, दादाला शिष्टपणा आलाय, दादाला आता भाऊ नकोसा झालाय. दोन वर्षं सांगितलं. रात्रंदिवस त्याची आठवण यायची, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आणि महिन्यापूर्वी, सकाळी साडेसहा, बायको अंघोळीला, माझ्या तोंडात तेल, आणि फोन वाजला. बघतो तर दादा! अहो, विचार करायच्या आत बोटानं फोन घेतलाही.

दादा म्हणाला, "धाकट्या, मध्ये बोलू नकोस. बोललास तर फोन ठेवीन, आणि परत करणार नाही."

मी म्हटलं, "हं."

दुसरं काय म्हणणार? तो थांबला. त्याला खरंच वाटेना. वाट बघत होता बिचारा, आता हा सुरू होईल म्हणून. मग हळूहळू बोलायला लागला. हात थरथरतात म्हणाला. तीन वर्षं झाली. आधी डावा, मग दोन्ही. एका मास्तरांची काच त्यानं दोनदा बिघडवली होती आणि मला न सांगता घरी नेऊन तिसऱ्यांदा केली होती. आणि मी त्याच मास्तरांना काउंटरवर सांगत होतो, आमच्या दादासारखा हात शोधून सापडायचा नाही.

"त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो," दादा म्हणाला. "मला पुढे बसव, नाहीतर घरी पाठव, पण तू ठरव. मला एकट्याला ठरवता येत नव्हतं रे."

आणि तुम्हाला सांगतो... पाणी आलं. डोळ्यांतून, नाकातून, धो धो. तीन महिने येत नव्हतं ते. नियमाप्रमाणे तिथेच थुंकायला हवं होतं. बेसिन हाताशी. नाही थुंकलो. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली, की तोंड मोकळं झालं तर मी बोलेन.

"ऐकतोयस ना?" दादानं विचारलं. "हं." "उद्या येऊ का दुकानात?" मी हं हं हं हं, इतक्या जोरात की तेल हनुवटीवरून सदऱ्यावर. तेवढ्यात बायको बाहेर आली, माझं ध्यान बघितलं आणि म्हणाली, "आलं का एकदाचं पाणी?"

दादा आता काउंटरला बसतो. गिऱ्हाईक बोलतं, तो ऐकतो, आणि लोक त्याच्यावर खूश. मी मागे, मशीनवर. मशीनचा आवाज एवढा, की मी काय सांगतोय ते मलाच ऐकू येत नाही. आणि रोज सकाळी साडेसहाला दादाचा फोन येतो. दहाला दुकानात भेटणार असतो, तरी येतो. मनातलं सगळं सांगतो. त्याला वाटतं, धाकटा सुधारला. तेलाचं मी त्याला सांगितलेलं नाही. परवा बाटली संपली होती, म्हणून कोरड्या तोंडानं फोन घेतला. अर्धं मिनिट, फार तर. मग मीच बोलत होतो आणि पलीकडे दादा गप्प.

म्हणून आज रिकामी बाटली घेऊन आलोय, भरून न्यायला. बाई म्हणतात, घसा बरा झाला, आता गंडूष बंद केलात तरी चालेल. मी म्हटलं, बाई, तुम्हाला चालेल हो...

काय? मी आत जाऊ? अहो पण माझा सातवा... तुम्ही सगळेच म्हणताय, यांना आधी सोडा? कमाल आहे, भली माणसं आहात हो तुम्ही! मुळात मी कमी बोलणारा माणूस, नाहीतर तुमचे आभार... काय म्हणताय कंपाउंडर? बाईंनी सांगितलंय, नाडी बघायचीय, तेल इथेच तोंडात भरून आत या?

...द्या.

हं.