पन्हाळ्याची शर्यत आणि गवा

चहा घ्या, सांगतो. मी तवा कोल्हापुरात तालमीत हुतो. आमच्या तालमीतला एकच गडी महाराजांपुढं खेळणार हुता, एकतर मी न्हायतर दस्तगीर. वस्ताद म्हणाले, "रानवाटेनं पन्हाळ्यावर पळत या. पयला येईल त्यो महाराजांपुढं खेळंल."

मी पुढं हुतो. जांभ्या दगडाची तांबडी चढण संपवून झाडीत शिरलो, तर वाटंत भला मोठा गवा! मी सरळ जांभळीवर चढलो. गवा खालीच उभा. तेवढ्यात मागनं दस्तगीर आला.

मी वरडलो, "माघारी पळ!"

त्यानं वर बघितलं, खांद्यावरचं उपरणं हलवून गव्याला हाळी दिली, आन बगल देऊन गडाकडं सुसाट सुटला. गवा त्याच्या मागं.

मी झाडावरनं उतरून गडावर पोचलो. दस्तगीर वस्तादांशेजारी बसून गूळ खात हुता. माझा जीव भांड्यात पडला.

म्हटलं, "वस्ताद, कुस्ती ह्याचीच. गव्याला अंगावर घेऊन ह्यानं मला वाचवलं."

वस्तादांनी दस्तगीरकडं बघितलं. "काय रं, खरं?"

"तसलं काय न्हाय, वस्ताद," त्यो म्हणाला. "पयला मी आलो. गव्यानं निम्म्यातच शर्यत सोडली, म्हणून ह्यो दुसरा!"