स्लाइट अफेक्शन

एकसष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. जर्मनीतल्या ऱ्युसेल्सहाइम स्टेशनावर फ्रँकफुर्टच्या गाडीची वाट पाहत भास्कर अभंग गुणगुणत होता. तेवढ्यात पाठच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं मराठी कानी पडलं, आणि बुवांनी आख्यान लावावं तसा तो कान देऊन बसला.

“अहो, कोण आहे ती?”

“मालिनी, कोणाबद्दल बोलतेस तू?”

“तुमच्या कोटात इंग्रजी कागद सापडला. ‘स्लाइट अफेक्शन ऑफ द हार्ट.’ मीही मॅट्रिक झालेय म्हटलं! अफेक्शन म्हणजे प्रेम.”

“अगं, ते डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे. स्कॉलरशिपसाठी मुंबईला पाठवायचंय, म्हणून इंग्रजीत.”

“म्हणजे डॉक्टरीण आहे तर!”

“काहीतरीच काय!”

“आणि वर ‘स्लाइट’! थोडंसंच आहे म्हणे. मला इथे येऊन तीन महिने नाही झाले!”

“या शब्दाचा दुसराही अर्थ आहे गं.”

“दुसरा अर्थ, दुसरी बाई. तुमचं सगळं दुसरंच.”

“डॉक्टर लोक आजारालाही अफेक्शन म्हणतात.”

“कसला आजार?”

“गाडी येईलच आता.”

“अहो, हार्ट म्हणजे तरी हृदयच ना? की त्याचाही दुसरा अर्थ आहे?”

“नाही. हृदयच.”

भास्करचा अभंग केव्हाच थांबला होता. मागे वळून पाहायचा धीर त्याला झाला नाही.

“त्यापेक्षा कुणी बाई असती, तर मी भांडले तरी असते हो.”

“गाडी आली. चल, ऊठ.”

“उठते. आधी तुमच्या हातातली ती बटाट्यांची जड पिशवी इकडे द्या.”