समोरची ‘घेतलं’ म्हणेपर्यंत

सिल्वासात कीर्तन ऐकून परतताना खडोलीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

“कावेरी, तोंड काबरं उतरलं तुझं?”

“आई, परदेशातलं सॉफ्टवेअरचं काम कुणाच्या हातात आहे, हे दाखवणारी सिस्टीम मी केली ना? संध्याकाळी आम्ही काम पोलंडच्या टीमला पाठवतो आणि ते मधेच अडकतं. आम्हाला वाटतं त्यांच्याकडे आहे, त्यांना वाटतं आमच्याकडे. उद्यापर्यंत सुधारलं नाही तर माझी सिस्टीम रद्द.”

“त्यांनी ‘घेतलं’ म्हनून सांगितलं व्हतं का?”

“पाठवलं की झालं ना!”

“असं कसं? कारखान्यात शिफ्ट बदलताना समोरची ‘घेतलं’ म्हनत नाही तवर मी मशीन सोडत नाही. कीर्तनातबी मागच्या टाळकऱ्यांनी धृपद उचललं, की मंगच बुवा दम घेतात.”

“आई! म्हणजे ते ‘घेतलं’ म्हणेपर्यंत काम पाठवणाऱ्याच्याच नावावर ठेवायचं. एवढंच राहिलं होतं गं!”

“म्हंजे तिकडचे गोरे लोकबी आता माझ्यावानी ‘घेतलं’ म्हननार?”

“रोज म्हणणार.”

“पांडुरंगा! केवढं रे तुझं जग!”

“बस आली. पिशवी दे इकडे.”

“आधी म्हन.”

“घेतली, आई.”