मामांपुढं काढलेला चष्मा

चहा निवायच्या आत सांगतो. आमच्या संस्थानाचे महाराज नवीनच गादीवर आले होते तवाची गोष्ट. मला लांबचं दिसत न्हाय, त्यात डोळं कायम कोरडं. वारं लागलं की वाळू गेल्यागत खुपायचं. चष्मा आल्यापास्नं वारं तरी अडायचं. पण थोरामोठ्यांपुढं चष्मा घालून उभं ऱ्हायचं म्हंजे मग्रुरी, अशी आमच्या घरची शिकवण.

दिवस मावळताना कळंब्याच्या तळ्याकडनं घरी येत होतो. मागनं हाक आली, "भाच्या." आवाज गारगोटीच्या मामांचा. मी चष्मा काढला आन् मगच वळलो. समोर पांढरं, धुरकट कायतरी उभं.

"डोळं का चोळतोस?"

"कोरडं पडल्यात, मामा."

"घरी जा. आज वलं हुतील."

पाया पडाय वाकलो, तर हाताला नुसती माती लागली.

घरी आई रडत बसली होती. मामा सकाळीच गेल्याचा सांगावा गारगोटीस्नं आलता.

आता त्या वाटंला मागनं कुणी हाक मारली की मी आधी चष्मा काढतो, मगच वळतो. लोक म्हणत्यात, गडी लई अदबीचा हाय.