खालची चार बोटं

— न्हाई न्हाई, 'कापू मात्र नका' म्हणायचं आन पार्लरात येऊन खुर्चीवर बसायचं, हे कसं जमायचं पुनम? मग मी काय करू, केसाला नुसता नमस्कार करू? आरशात बघ — खांद्यापर्यंत कसे झकास हायत, आन खाली? केरसुणी. एकेका केसाला दोन-दोन फाटे. दोन वर्षं कात्री लावली न्हाई म्हणतीस, आन कमरेच्या वर येऊन थांबलेत ते थांबलेतच. का थांबले? वाढत न्हाईत म्हणून? वाढतात की, मुळातून रोज वाढतात — पण वरून जेवढे येतात तेवढे खालून तुटून तुझ्या फणीत जातात. म्हणून म्हणते, चार बोटं काढू दे, मग दर तीन महिन्याला बोटभर, आन दीड वर्षात कमरेला लागले न्हाईत तर ही तारामती पार्लरला कुलूप लावून रेणापूर सोडंल. काढू? — हाव म्हणालीस हां, मागून आईला घेऊन भांडायला येऊ नको.

आईलाच भेव हाय व्हय. का? — रविवारी बघायला येऊन राहिलेत. आन पोराच्या आईची अट, केस कमरेपर्यंत पाहिजेत. वा. तू बीएस्सी झालीस ते न्हाई विचारलं, केस विचारले. पोराचे किती हायत ते विचारलं का तुझ्या आईनं? कपाळ कुठवर गेलंय ते बघून घ्या म्हणावं. कुठले लोक? किल्लारीचे. किल्लारीत कोण? — संगप्पांचा धाकटा? वीरेश? ... हाव, ऐकून हाय. मान खाली घाल जरा. काही न्हाई, कात्री सापडंना म्हणून थांबले.

मग तुझी वेणी सोडणार ती. कोण म्हणजे, सिंधुबाई, वीरेशची आई. पोहे झाले की म्हणंल, पोरी, पाठमोरी बस जरा — आन सगळ्या बैठकीसमोर पेड सोडंल, ओढून बघंल गंगावन लावलंय का ते, मग वितीनं मोजंल. मला कसं माहीत? एकीचं माहीत हाय. अकरा वर्षांमागं थोरल्या शिवमूर्तीसाठी आल्ती बघायला. त्या पोरीचे गुडघ्यापर्यंत होते, पाच विती भरले, सिंधुबाईनं स्वतः मोजले — आन म्हणाली, केस हायत, पण रंग न्हाई. पोहे दोनदा घेतले आन गेली. दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं मागच्या दारी बसून मानेपासून वेणी कापली. तिच्या आईनं तीन दिवस तिचं तोंड बघितलं न्हाई. कोण पोरगी ते काय करायचं तुला? हलू नको, कात्री लागंल. माझ्या मानेकडं काय बघतीस — उकडतं म्हणून बारीक ठेवते मी.

आता गंमत ऐक. दोन वर्षांमागं सिंधुबाई इथं आली, ह्याच खुर्चीत बसली. किल्लारीत कुणाला कळू नये म्हणून एवढ्या लांब रेणापूरला. डोक्यावर पदर, आन पदराखाली काय सांगू, टाळू चमकून राहिली होती. मला ओळखलं का? न्हाई. केस बघितले होते, चेहरा कुठं बघितला होता? म्हणाली, अस्सल केसाचं गंगावन हाय का गं? होतं. नऊ वर्षं ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते दिलं. हात फिरवून म्हणाली, लई झकास केस हायत, कुणाचे? मी म्हणाले, हाय एक, रंगानं सावळी.

तवापासून दर तीन महिन्याला येते. मी तिचं गंगावन धुते, तेल लावते, अंबाडा घालून देते — आन टोकं कापते, हाव, त्यालाबी फाटे फुटतात. फरक एवढाच, तुझे कापले की वरून येतात, त्याला वरून काही यायचं न्हाई. बोटभराचं काम असतं, मी दोन बोटं काढते. नारळाएवढा अंबाडा बसायचा, आता मोसंबीएवढा बसतो. मागल्या खेपेला म्हणाली, कमी कसा दिसतोय गं? मी म्हणाले, वयानं होतं बाई.

झालं तुझं. हात फिरव, बघ कसे भरून आले. रविवारला पुरायचे न्हाईत, पण न कापता तरी कुठं पुरणार होते? तिनं सोडली वेणी तर सोडू दे, ओढली तर ओढू दे, आन मग म्हण, आत्याबाई, आता तुमचा अंबाडा सोडा, मीबी बघते. — न्हाई, नको म्हणू. माझं नाव निघंल. नुसतं बघ अंबाड्याकडं, नजर काढू नको, तिला कळंल. आन आईला यातलं काही बोलू नको.

आता काय राहिलं? — मी? मी परत का न्हाई वाढवले? ... कापले की वाढतात, मीच म्हणाले आत्ता, हाव. ऊठ. अंगावरचं फडकं दे इकडं. आन जाताना दार ओढून घे.