चार मिनिटांचा चहा

सिनेमा काढणारे सुलक्खनसिंग मानसाहून चंदीगडला निघाले होते, सही करायला. त्यांच्या सिनेमात एक म्हातारा चार मिनिटं मुकाट चहा पितो. तेवढं कापलं तरच टीव्हीवर दाखवू, असा चॅनलवाल्यांचा हुकूम होता. बसमध्ये मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“चाची, आपल्या गावचा सिनेमा पाहिलास?”

“तीनदा.”

“तीनदा! आमचे हे तर घोरायला लागले. चाचा आपले चहा पितायत, पितायत...”

“घरीही तसेच प्यायचे. चाळीस वर्षांत चार वाक्यं बोलले, त्यातली दोन म्हशीशी.”

“मग बघतेस काय त्यात?”

“पेला खाली ठेवून ते वर बघतात ना, तिथं समोर मी उभी होते. साखर बरोबर झाली, हे तसंच सांगायचे. ते गेल्यापासून मी चहा बिनसाखरेचाच पिते. आता टीव्हीवर लागणार म्हणे. टीव्ही घेतलाय.”

सुलक्खनसिंग मागे वळले.

“बेबे, तुमच्या अंगणाची भिंत पांढरी आहे?”

“यांनीच चुना लावला होता. सिनेमावाला भाऊच ना तू? का रे वीरा?”

“टीव्हीवाले तो चहाच कापतील. मी मशीन आणतो. सिनेमा दाखवतो. अख्खा.”

“पण बघायला मी एकटीच असेन.”

“आजवरही तुम्हीच होतात.”