थायरॉइडची गोळी जाते कुठे?

…मग नवस बोलले यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! साडेपाच महिन्यांपूर्वी हात जोडून म्हटलं, देवा, लेकीचं बाळ यायच्या आत माझ्या अंगात ताकद येऊ दे, तोवर मी एकवेळच जेवीन, तेही वाटीभर. कारण काय, तर लेक एक दिवस हळूच म्हणाली, "आई, तू बसल्याबसल्या पेंगतेस गं. तुझ्या हातात बाळ कसं देऊ?" काळजात चर्र झालं हो! पण तिचं खोटं तरी कुठे होतं? दोन जिने चढले की तिसऱ्याच्या पायरीवर माझी बैठक. घरातले सगळे पंख्याखाली, मी स्वेटरमध्ये! बरं, गोळी चुकवते म्हणाल, तर शपथ. रोज सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग ती गोळी जाते कुठे?

नवस बोलल्यावर बरं वाटायला हवं की नको? मी आणखीच गळाले! म्हटलं, देव परीक्षा बघतोय. लगेच वाटीची अर्धी वाटी केली… हसू नका! तेव्हा मला तेच शहाणपणाचं वाटलं.

आणि आमचे हे! यांना एकच छंद, घरभर फिरून दिवे बंद करायचे. मी भांडी घासत उभी, आणि खटकन अंधार! "अहो, मी आहे इथे!" "असशील की. आवाज येतोय ना भांड्यांचा? मग दिवा कशाला?" तीस वर्षं झाली, मी दिवा लावते, हे बंद करतात. यांना विचारलं, अहो, माझी गोळी जाते कुठे? तर म्हणे, "कंपनीला विचार."

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट वरून वाचला, खालून वाचला. "आजी, गोळी रक्तात व्यवस्थित पोचलीय. पुढचं काम अडलंय." मला आजी म्हणाल्या… बाळ यायचंय अजून, पण असो. म्हणाल्या, "गोळीतलं हार्मोन जवळजवळ झोपलेलंच असतं. त्याच्या अंगावर आयोडीनचे चार कण. यकृतात, मेंदूत, स्नायूंत एन्झाइम नावाचे कामकरी बसलेले असतात. त्यांनी बाहेरच्या बाजूचा एक कण काढला की हार्मोन जागं होऊन कामाला लागतं. आतल्या बाजूचा काढला की निकामी."

"म्हणजे एक लावणारा आणि एक बंद करणारा?"

"अगदी बरोबर!"

अगं बाई! म्हणजे अंगातसुद्धा आमचे हे!

मग त्यांनी विचारलं, "जेवता काय?" मी पदराचं टोक गुंडाळत बसले. किती वेळ गुंडाळणार? सांगितलं. त्यांनी चष्माच काढला. "अहो, चार महिने उपाशी ठेवलंत, तर शरीराला वाटणारच की घरातलं अन्न संपलं! मग ते काटकसर करतं. लावणारा हात आखडता घेतो, बंद करणारा जोरात येतो. गोळी वाढवून काय होणार? आधी जेवा!"

ऐकलंत? ताकद यावी म्हणून मी जेवण कमी करत होते, आणि जेवण कमी म्हणून ताकद जात होती! गोळी जाते कुठे, गोळी जाते कुठे… मीच बटण दाबत होते की!

पण देवाला दिलेला शब्द? घरी येऊन पुन्हा हात जोडले. म्हटलं, देवा, नवस मोडत नाही, बदलून घेते. बाळ येईपर्यंत दोन्ही वेळा पोटभर जेवीन, बसून, गरम असताना. देव काही बोलला नाही. माझ्या माहेरी न बोलणं म्हणजे होकारच धरतात.

सहा आठवडे झाले. काल तिसरा जिना न बसता चढले! लेक दारातच उभी. बघितलं, आणि म्हणाली, "बरं, बाळाला पहिली अंघोळ तूच घाल." मी रडले, ती रडली, आणि हे म्हणाले, "रडायचंच आहे तर दिवा कशाला?"

खरं सांगू? उपास सोपा होता हो. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं उभ्याने खाणाऱ्या बाईला वेळेवर बसून जेवायचं म्हणजे काय कडक व्रत आहे! तरी बायांनो, एवढं माझं ऐका, तुम्हीही हाच नवस बोला. फक्त ताट घेऊन बसताना भिंतीवरच्या बटणाला पाठ लावून बसा. अंगातला बंद करणारा जेवणाने ऐकतो, घरातला नाही ऐकत.